एक वाजून दहा मिनिटं

30 डिसेंबर 1915, गुरुवार. दुपारचे बारा वाजलेत. तुम्ही भूमध्य समुद्रात आहात, क्रीट बेट मागे डावीकडे कुठेतरी राहिलंय आणि चारी बाजूंना फक्त पाणी आहे. पायाखाली आहे ती पी. अँड ओ. कंपनीची आगबोट 'पर्शिया'. स्कॉटलंडमध्ये ग्रीनॉकच्या गोदीत 1900 साली बांधलेली, जवळजवळ आठ हजार टनांची, पाचशे फूट लांब. लंडनहून निघून मार्सेय आणि माल्टा तिनं मागे टाकलंय. पुढे पोर्ट सैद, सुएझचा कालवा, एडन आणि मग मुंबई. पोटात विलायतेची डाक आहे, माल आहे आणि 519 माणसं आहेत.

तुमच्याकडे सत्तर मिनिटं आहेत.

आधी अंगावर काय आहे ते पाहा. 1915 मध्ये या जहाजावर कुठला जिना तुमचा आणि कुठला नाही, हे कपडेच सांगतात. तुम्हाला पांढरा कोट मिळालाय, सलूनमध्ये ताटं वाढणाऱ्या पोराचा. म्हणजे तुम्ही गोव्याचे, बहुतेक सासष्टी नाहीतर बारदेशचे. बोट मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलावाकडच्या आपल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात राहिलेले, चटई पसरून, ट्रंक उशाशी घेऊन. या कोटाचा एक फायदा आहे. सलूनमध्ये साहेबांच्या टेबलापर्यंत तो जाऊ शकतो, आणि कुणी काही निरोप देऊन पाठवलं तर खाली भट्ट्यांपर्यंतही. साहेब खाली जात नाही, भट्टीवाला वर येत नाही. तुम्ही दोन्हीकडे जाऊ शकता.

एक गोष्ट आत्ताच मनातून काढून टाका. टॉर्पेडो येणार आहे हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणून ओरडून सगळ्यांना सावध करावंसं वाटेल. कुणाला सांगणार? या समुद्रात पाणबुड्या आहेत हे इथं प्रत्येकाला माहीत आहे. याच वर्षी 7 मे रोजी आयर्लंडजवळ 'लुसिटानिया' बुडाली आणि 1,198 माणसं गेली, हे प्रवाशांनी वर्तमानपत्रात वाचलंय. पाणबुडी दिसलीच तर म्हणून जहाजाच्या मागच्या टोकाला 4.7 इंची तोफ बसवलीय. 'अरेबिक' जहाज बुडाल्यावर जर्मनीनं सप्टेंबरात अमेरिकेला शब्द दिला होता, की प्रवासी जहाजं इशारा न देता बुडवणार नाही. त्या शब्दावर काहींचा विश्वास आहे, काहींचा नाही. पण जेवण एक वाजता आहे यावर सगळ्यांचा विश्वास आहे. माहिती असणं आणि वाचणं यांच्यात जहाजावर बरंच अंतर असतं, आणि ते अंतर तुमच्या ओरडण्यानं कमी व्हायचं नाही.

तेव्हा कामाला लागा. सलूनमध्ये टेबलं मांडायची आहेत. पांढरे टेबलक्लॉथ, काटे डावीकडे, सुऱ्या उजवीकडे, ग्लास उलटे ठेवायचे नाहीत. कोण कुठं बसतो ते तुम्हाला एव्हाना पाठ झालंय. हिंदुस्थानात नोकरीवर असलेल्या नवऱ्यांकडे निघालेल्या बायका आहेत, त्यांची मुलं आहेत, मुलांबरोबर आया आहेत. रजा संपवून पलटणीत परतणारे अधिकारी आहेत. रॉबर्ट मॅकनीली हा नॉर्थ कॅरोलिनाचा तरुण अमेरिकन आहे. त्याची एडनला कॉन्सल म्हणून नेमणूक झालीय आणि तो पहिल्यांदाच तिकडे चाललाय. लखनौकडे परतणारे होमर सॅलिसबरी हे अमेरिकन मिशनरी आहेत. एका टेबलावर ब्यूलीचे लॉर्ड माँटेग्यू आहेत, मोटारींचा प्रचंड नाद असलेले. युद्धकाळात मोटारवाहतूक कशी चालवावी याबद्दल हिंदुस्थान सरकारला सल्ला द्यायला ते निघालेत. त्यांच्यासमोर बसणार आहेत त्यांच्या सेक्रेटरी एलिनॉर थॉर्नटन. चार्ल्स साइक्स या शिल्पकारानं रोल्स-रॉइसच्या बॉनेटवर पुढे झुकलेली, वाऱ्यावर वस्त्र उडणारी ती छोटी मूर्ती घडवली, तिचा चेहरा यांच्यावरून घेतला असं मानलं जातं. तुम्हाला यातलं काही माहीत असायचं कारण नाही. तुम्हाला एवढंच माहीत, की पाचव्या टेबलाला पाणी लवकर लागतं.

एक खुर्ची मात्र मार्सेयपासून रिकामी आहे. कपूरथळ्याचे महाराज जगतजितसिंग तिथंच उतरले. त्यांचे दागिने मात्र जहाजावरच राहिलेत अशी कुजबुज पँट्रीत चालू आहे.

बारा वीस. पँट्रीचा म्हातारा गोवेकर तुमच्या हातात एक घडी घातलेला कागद देतो. "भुरग्या, ही चीट सकयल व्हर. बेगीन यो." चिठ्ठी इंजिनकडच्या एका साहेबाला द्यायचीय. जा, आणि खरंच लवकर या.

गालिचा संपतो, मग लाकूड संपतं, मग लोखंडी शिड्या लागतात. प्रत्येक शिडीगणिक हवा जड होत जाते. डेकवर डिसेंबरचा गारठा आहे आणि इथं तुमचा पांढरा कोट पाठीला चिकटतो. भट्ट्यांसमोर आगवाले उभे आहेत. बहुतेक पंजाब आणि सरहद्दीकडचे, उंच, उघड्या अंगाचे, डोक्याला फडकं गुंडाळलेले. दार उघडतं, बेलच्यानं कोळसा आत जातो, लांब लोखंडी सळईनं निखारे उलथले जातात, दार बंद. लगेच पुढची भट्टी. मागच्या काळोख्या बंकरांतून कोयलावाले हातगाडीनं कोळसा आणून ओततायत. तेलवाला इंजिनाच्या हलत्या सांध्यांमध्ये हात घालून तेल सोडतोय, आणि एका क्षणाची चूक झाली तर तो हात राहणार नाही. चार तास काम, आठ तास सुट्टी, मग पुन्हा चार तास. आत्ता खाली असलेली पाळी बाराला सुरू झाली. ती चारला संपायची आहे.

झोपायला जागा मिळते ती कायद्यानं मोजलेली आहे. हिंदी खलाशाला 36 घनफूट. म्हणजे सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच. ब्रिटिश खलाशासाठी 1906 च्या कायद्यानं हाच आकडा 120 केलाय. पगाराचं गणितही तसंच, गोऱ्याच्या पगाराच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्यात हिंदी माणूस मिळतो. म्हणूनच कंपन्या त्याला घेतात. त्याला उष्णता सोसते, तो आज्ञाधारक असतो वगैरे कारणं जेवणाच्या टेबलावर सांगण्यासाठी आहेत.

चिठ्ठी दिलीत? मग वर चला. वरच्या डेकवर निघालात की थोडी उसंत घ्या. इथं आपली माणसं आहेत. पी. अँड ओ.चे डेकवरचे खलाशी कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरून येतात. रत्नागिरीकडच्या खाड्यांमधली ही पोरं लहानपणी मचव्यावर शीड ओढायला शिकली आणि मोठेपणी आगबोटीवर आली. त्यांच्यावर सारंग, सारंगाच्या हाताखाली तांडेल, सुकाणूवर सुकाणी. या माणसांची भरती सारंगच करतो, कर्जही तोच देतो, गावी भांडण झालं तर निवाडाही त्याचाच. कप्तानाला पन्नास खलाशांशी बोलायचं नसतं, एका सारंगाशी बोलायचं असतं.

एक खलाशी दोरखंडाची गुंडाळी करत बसलाय. तो तुम्हाला वर-खाली न्याहाळतो.

"कुठला रे तू?"

"सासष्टीचा."

"मग काय, साहेबाच्या पानातलं उरलंसुरलं खातोस. आमच्या भंडाऱ्याचा डाळभात खाऊन बघ एकदा." तो हसतो. त्याच्या डोक्यावर लाइफबोटी टांगलेल्या आहेत, वाकड्या लोखंडी दांड्यांना, दोन्ही बाजूंना रांगेनं. त्या खाली सोडायच्या दोऱ्या कुणी धरायच्या ते नेमून दिलेलं आहे, कवायतही झालीय. पण ती कवायत सरळ उभ्या जहाजावर झालीय.

बारा पन्नास. परत सलूनमध्ये या. म्हातारा कोट झटकायला सांगतो, खांद्यावर कोळशाची भुकटी पडलीय. एक वाजता घंटा होते. खुर्च्या सरकतात. सूप जातं. पी. अँड ओ.च्या जेवणात करी-भात ठरलेला असतो, त्याचा वास पँट्रीत भरलाय. मुलं खिडकीकडं बोटं दाखवतायत. एकानं पोर्ट सैदला कधी पोचणार ते विचारलं. तुम्ही "उद्या, साहेब" म्हणता आणि ताट डाव्या बाजूनं ठेवता.

वर सेकंड ऑफिसरला पाण्यावर एक पांढरी रेघ दिसते. ती डाव्या बाजूनं जहाजाकडे येतेय. पाणबुडी कुणालाच दिसलेली नाही. ती आहे जर्मन यू-38, कप्तान माक्स व्हॅलेंटिनर. याच माणसानं नोव्हेंबरात 'अँकोना' हे इटालियन प्रवासी जहाज ऑस्ट्रियाचा झेंडा लावून बुडवलंय. इशारा नाही, गोळी नाही, थांबा म्हणून खूण नाही. रेघ दिसणं आणि सुकाणू वळणं यांच्यामध्ये जेवढा वेळ लागतो तेवढा उरलेला नाही.

एक वाजून दहा.

पहिला धक्का पायातून वर येतो. टेबलावरचं सगळं एकदम उडतं आणि कोसळतं, काचा फुटतात, दिवे जातात. लगेच मागून दुसरा, खोल आणि मोठा. डावा बॉयलर फुटलाय. पाऊण तासापूर्वी तुम्ही जिथं चिठ्ठी घेऊन उभे होता, तिथं आता वाफ आणि समुद्र आहे. बेलचे घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसांना शिडीच्या पहिल्या पायरीपर्यंतही जाता आलं नसेल. म्हाताऱ्यानं ती चिठ्ठी चाळीस-पन्नास मिनिटं उशिरा दिली असती तर तुम्हीही त्यांच्यातच होता. यात तुमची हुशारी नाही, धीर नाही, पुण्याई नाही. वेळापत्रकात तुम्ही एका चौकटीत होता आणि ते दुसऱ्या.

जमीन डावीकडे कलू लागलीय. सलूनमध्ये किंकाळ्या नाहीत, हे तुम्हाला विचित्र वाटेल. लोक उठतात, मुलांना उचलतात, जिन्याकडे निघतात. जिना आता जिना राहिलेला नाही, एका कडेनं भिंत झालाय. तुम्ही कठड्याला धरून वर येता. लॉर्ड माँटेग्यू आणि मिस थॉर्नटन पुढे आहेत.

डेकवर आल्यावर कवायतीचा अर्थ संपतो. जहाज डावीकडे इतकं झुकलंय, की उजव्या बाजूच्या होड्या सोडायला जागाच नाही. त्या खाली जाण्याऐवजी जहाजाच्याच उतरत्या अंगावर आदळतायत. डावीकडच्या होड्यांखाली पाणी चढत आलंय. दोऱ्यांवरचे खलाशी "आरिया! आरिया!" ओरडतायत, सोडा, खाली सोडा. एक होडी एका टोकानं सुटते आणि माणसांसकट उलटी होते. दुसरी पाण्यात टेकते तोच जहाज तिच्यावर येतं. मघाचा दोरखंडवाला तुम्हाला एकदा दिसतो, मुठीत दोर, पाय कठड्याला लावलेले. मग पाणी डेकवर येतं आणि तो दिसत नाही.

हे सगळं किती वेळ चाललं? पाच मिनिटं. फार तर दहा. जेवणातलं पहिलं ताट दुसऱ्यानं बदललं जायच्या आत पाचशे फुटांचं जहाज पाण्याखाली गेलं.

जहाज जाताना तुम्हालाही खाली ओढतं. कानात दडे बसतात, छाती फुटायला येते, आणि मग कशानं कोण जाणे तुम्ही वर येता. आजूबाजूला लाकडं, पिंपं, टोप्या, माणसं. लॉर्ड माँटेग्यूही वर आलेत. त्यांनी हवा भरायचं गीव्ह कंपनीचं जाकीट घातलं होतं, त्यानं त्यांना वर आणलं. मिस थॉर्नटन वर आल्या नाहीत. कप्तान हॉल, मॅकनीली, सॅलिसबरी यांपैकी कुणीच नाही.

एक होडी उलटी तरंगतेय, तिचा तळ फुटलाय. तिच्यावर खलाशी चिकटून बसलेत. तुम्हाला एक हात वर ओढतो. लॉर्ड माँटेग्यूही याच होडीवर आहेत. पुढचे तीस तास ती कधी सुलटी होईल, कधी उलटेल. रात्री अंगातली ऊब संपते तशी माणसं एकेक करून गळून पडतात, काही बोलत बोलत, काही झोपेत. हिंदुस्थानी, इंग्रजी, कोंकणी अशा तीन भाषांत देवाची नावं ऐकू येतात. पाणी प्यायला नाही. इथं पांढऱ्या कोटाचा आणि लॉर्डच्या जाकिटाचा भाव सारखा झालाय, पण तो फक्त या होडीवर, आणि फक्त सुटका होईपर्यंत.

दुसऱ्या रात्री एक दिवा दिसतो. अल्फ्रेड होल्ट कंपनीची 'निंगचाऊ' बोट तुम्हाला उचलते आणि माल्टाला नेते. बाकीच्या चार होड्या ब्रिटिश नौदलाच्या 'मॅलो' या जहाजाला सापडतात, ती माणसं अलेक्झांड्रियाला उतरतात. हिशोब होतो तो असा: 519 पैकी 343 गेले.

आता तुम्ही जमिनीवर आहात. पण लगेच 1915 सोडू नका. यापुढचं जास्त बारकाईनं पाहण्यासारखं आहे, कारण आता जहाज बुडणं थांबलंय आणि आठवणीची वाटणी सुरू झालीय.

पहिली वाटणी पैशाची. 1894 च्या ब्रिटिश जहाजी कायद्याप्रमाणे जहाज बुडालं की खलाशाची नोकरी तिथंच संपते आणि पगार त्या वेळेपर्यंतचाच मिळतो. तुम्ही तीस तास लाकडाच्या तुकड्यावर काढलेत, ते तुमचे स्वतःचे.

दुसरी वाटणी बातम्यांची. अमेरिकेत मॅकनीलीच्या मृत्यूवरून गदारोळ उठतो. जहाजावर तोफ होती, म्हणजे ते युद्धनौका ठरतं का, यावर वॉशिंग्टनमध्ये खल चालतो. ऑस्ट्रिया आणि जर्मनी दोघंही हात झटकतात. व्हॅलेंटिनरला पुढच्या वर्षी जर्मनीचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळतो. युद्ध संपल्यावर मित्रराष्ट्रांच्या युद्धगुन्हेगारांच्या यादीत त्याचं नाव येतं, पण खटला कधी चालत नाही. लॉर्ड माँटेग्यू घरी पोचतात आणि स्वतःचे मृत्युलेख वाचतात. ब्यूलीच्या चर्चमध्ये ते मिस थॉर्नटनच्या नावाची पाटी बसवतात.

तिसरी वाटणी समुद्राच्या तळाची. 'पर्शिया' तिच्या घराण्यातल्या पाच बोटींपैकी एक. 'इंडिया', 'चायना', 'इजिप्त', 'अरेबिया' आणि 'पर्शिया'. 'इंडिया' 1915 मध्येच नॉर्वेजवळ पाणबुडीनं बुडवली, 'अरेबिया' 1916 मध्ये ग्रीसच्या दक्षिणेला. 'इजिप्त' युद्धातून वाचली आणि 1922 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात टक्कर होऊन गेली, मुंबईसाठी निघालेलं सोनं पोटात घेऊन. ते सोनं 1930 च्या दशकात इटालियन गोताखोरांनी जवळजवळ सगळं वर काढलं. 'पर्शिया'चे अवशेष तर सुमारे तीन हजार मीटर खोलीवर आहेत. तरी 2003 मध्ये तिथपर्यंत यंत्रं पोचली आणि माणकं वर आली. आज इंग्लंडमध्ये बकलर्स हार्डच्या संग्रहालयात ती पाहायला मिळतात. किमतीची गोष्ट असेल तर तीन किलोमीटर पाणी ही अडचण ठरत नाही, एवढं यातून कळतं.

आणि खलाशी? युद्ध संपेपर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास हिंदी खलाशी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर मेले. त्यांच्यातले काही तर घरापासून हाकेच्या अंतरावर. 1917 मध्ये 'वुल्फ' या जर्मन जहाजानं चोरून येऊन मुंबईसमोर सुरुंग पेरले, आणि पी. अँड ओ.चीच 'मंगोलिया' मुंबईच्या दक्षिणेला पन्नासएक मैलांवर त्यावर जाऊन बुडाली. भूमध्य समुद्रातलं युद्ध दीड वर्षात कोकणच्या किनाऱ्याला लागलं होतं.

'पर्शिया'सारख्या जहाजांवर मेलेल्या ब्रिटिश खलाशांची नावं लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर ब्राँझमध्ये कोरली गेली. त्याच जहाजांवर त्यांच्याबरोबर बुडालेल्या हिंदी खलाशांना तिथं जागा मिळाली नाही, त्यांच्या नोंदी मुंबई आणि चितगावकडे गेल्या. मुंबईचं स्मारक मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे, तिथल्या पहिल्या महायुद्धाच्या यादीत दोन हजारांहून अधिक नावं आहेत. रोज लाखो लोक मशीद स्टेशनवर चढतात-उतरतात. त्यांच्यातल्या फार थोड्यांना हे ठाऊक असेल.

ती नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींतही आहेत आणि आता कुणालाही शोधता येतात. रत्नागिरीकडे, रायगडात, सासष्टीत किंवा बारदेशात तुमच्या घरात "आजोबांचा भाऊ बोटीवर होता, पहिल्या लढाईत गेला, परत आला नाही" अशी एखादी अर्धवट गोष्ट असेल, तर ती तिथंच सोडू नका. त्याचं नाव, बापाचं नाव आणि जमल्यास जहाजाचं नाव घरातल्या जुन्या माणसाकडून आजच लिहून घ्या. शोध सुरू करायला तेवढं पुरतं, आणि सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतायत.